गँगमधला माणूस

माननीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील अधिकारीवर्ग, पुढच्या रांगेत बसलेल्या आमच्या सौभाग्यवती, लेक, जावईबापू आणि मागे दाराशी दाटीवाटीनं बसलेल्या माझ्या मंडळींनो,

आत्ताच साहेबांनी माझं इतकं कौतुक केलं, की हा कोण गृहस्थ म्हणून मीच मान वळवून पाहिलं! मी साधा रेल्वेच्या रुळांवरच्या गँगचा मुकादम, आज निवृत्त होतोय, एवढंच.

आता 'गँग' म्हटलं की डोळ्यांपुढे काय येतं? चोरांची टोळीच ना? लेक पहिलीत असताना बाईंनी विचारलं, "वडील काय करतात गं?" हिनं ठणकावून सांगितलं, "गँगमध्ये आहेत. कधी कधी रात्रीसुद्धा जातात." झालं, दुसऱ्या दिवशी मला शाळेत बोलावणं! आज हीच पोरगी मैत्रिणींच्या घोळक्याला हौसेनं "आमची गँग" म्हणते. म्हणजे शब्दाची अब्रू सुधारली म्हणायची.

आमची गँग वेगळी. रूळ उचलायचा तर सगळ्यांचा जोर एकाच वेळी लागला पाहिजे. एक जण मागे राहिला, की दुसऱ्याची बोटं चेंगरलीच समजा. म्हणून मी हाळी द्यायचो, "लाव जोर!" आणि सगळे एका दमात, "हैशा!" घरून भांडून आलेलासुद्धा त्यात असायचा. आमच्यात एक मुनी होता. दिवसभर चकार शब्द नाही, म्हणून मुनी. पण "हैशा" त्याचा सगळ्यांच्या वर.

मग मशीन आलं. चांगलंच झालं, कंबरा वाचल्या, खोटं कशाला बोलू? पण एक जण फाटकावर गेला, एक गोदामात, मुनी कचेरीत पाणी द्यायला. भेटतो आम्ही, चहाही होतो. पण हाळी द्यायला कारणच उरलं नाही. फार आठवण येते हो. घरात कपाट सरकवताना तोंडातून निघून जातं, तर ही म्हणते, "ओरडता कुणाला? एकटेच तर आहात!"

साहेब, घड्याळ मिळालं, फुलं मिळाली. आता एकच मागतो. मंडळी, शेवटचं एकदा. लाव जोर!

...

काय रे? साहेबांसमोर लाजता? बरं, राहू द्या, मी आपलं सहज...

ऐकलंत? ऐकलंत ना? मुनी तो! अरे, स्वतःच्या लग्नातही एवढ्यानं बोलला नव्हतास! थांबा हं, डोळ्यांत काहीतरी गेलं... छे, रडतोय मी, लपवू कशाला?

सर्वांचे मनापासून आभार. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. अध्यक्ष महोदय, ही खुर्ची फार मऊ आहे, पण मला मागे बसायची परवानगी द्या.

सरका रे जरा तिकडे.