उरलेले तिघे

टेस्ट ट्यूब बेबीच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सून बसली होती. तिच्या सासूच्या येरझाऱ्या काही थांबत नव्हत्या.

“आई, बसा ना जरा.”

“दोन गर्भ तुझ्या पोटात ठेवणार. मग उरलेल्या तिघांचं काय?”

“गोठवून ठेवतील. लागले नाहीत, तर टाकून देतील.”

“देवानं दिलेला जीव टाकून द्यायचा?”

“डॉक्टर म्हणतात, अजून नुसत्या पेशी आहेत.”

“त्यांचं राहू दे. तुला काय वाटतं?”

“मला काहीच कळेनासं झालंय. तुम्ही नको म्हणालात, तर आत्ता परत जाऊ.”

“नको म्हणवत नाही गं. तिथंच तर अडलंय माझं.”

नर्सनं हाक मारली. सून उठली.

“येते मी, आई.”

“ये. आणि डॉक्टरांना एवढं विचार, त्या तिघांना तिथं फार गार तर लागत नाही ना?”