कॅसेटमधलं दार

आत्या : थांब, थांब! परत लाव. आई काय म्हणाली?

भिंगरी : “संपाच्या दिवशी मी घरीच होते.” कसं खणखणीत ऐकू येतं ना? सगळ्या कॅसेटी घासूनपुसून कॉम्प्युटरवर चढवल्या, आत्या! खरखर गुल, भांडी गुल, कुणी गप्प बसलं की तेही गुल!

आत्या : गप्प बसलेलं कापलंस?

भिंगरी : मग! संध्याकाळी संग्रहाच्या उद्घाटनाला लोक काय मौन ऐकायला येणारेत?

आत्या : अगं भवाने, टेलिफोन एक्स्चेंजमधल्या बायकांचा संप तुझ्या आजीनंच घडवला. बाकीच्या सगळ्याजणी हेच सांगतात. तिच्या या कॅसेटपासून तर आपला त्या बायकांच्या आठवणींचा संग्रह सुरू झाला. आधी कपाटातला एक खण, मग पलंगाखाली, मग...

भिंगरी : मग माझी अख्खी खोली!

आत्या : आणि आज वाचनालयात, भरल्या सभेत, तीच म्हणणार की मी घरीच होते! मूळ कॅसेट कुठाय?

भिंगरी : ती ना...

आत्या : भिंगरे.

भिंगरी : भंगारवाल्याला दिली. सगळ्याच दिल्या. सकाळी. म्हटलं, तेवढीच जागा होईल.

आत्या : चप्पल घाल. पळ!

(तासाभराने. जमिनीवर भंगारवाल्याकडून परत आणलेलं कॅसेटींचं पोतं, शेजारी टेपरेकॉर्डर. पलंगावर आजी.)

भिंगरी : आत्या, श्शू! टेपवर आजी म्हणतेय, “...आम्ही सगळ्यांनी कानावरचे हेडफोन काढून टेबलावर ठेवले, आणि...” हे काय करकरलं?

आत्या : दार. तेव्हा नेमके बाबा घरी आले होते.

भिंगरी : मग कपबशी. मग काहीच नाही. अजून नाही. बाई गं, केवढं हे... “संपाच्या दिवशी मी घरीच होते.” आजी! चक्क थाप?

आजी : हळू बोल. ह्यांना शेवटपर्यंत माहीत नव्हतं.

भिंगरी : आणि मी शहाणीनं नेमकं दारच उडवलं! आता उद्घाटनाला काय लावायचं?

आत्या : हेच. दारासकट.

भिंगरी : पण हेडफोन काढले, आणि पुढे काय? तू पुन्हा विचारलं नाहीस हिला?

आत्या : कितीदा तरी. बाबा गेल्यावरसुद्धा. दर वेळी आधी दाराकडे बघते, मग म्हणते, चहा टाक.

आजी : चहा टाकायचाच असतो.

भिंगरी : आजी, कोरी कॅसेट घातलीय. बोल, नाहीतर गप्प बस, मी काही कापणार नाही. थांब, दार लावून येते.

आजी : नको. असू दे उघडं.