चहालेबी ताप नाही

तुम्ही सगळ्या मला घाबरट म्हणता ना, मग हे ऐका. लस दिल्यावर आमची चिऊ तापली. जठारपेठेतल्या डॉक्टरकडे नेते म्हटलं, तं कंप्युटरवाले दीर आडवे आले.

"थांबा वहिनी, म्या प्रोग्राम बनवला हाय."

त्यांनी चिऊच्या दंडाला ताप मोजायचा पट्टा बांधला. स्क्रीन म्हणे, ताप नाही. पोरगी तं भाजून राहिली होती! मी पट्टा काढला आणि त्यांच्याच गरम चहात बुडवला. तरी ताप नाही.

"काहून भाऊजी, चहालेबी नाही?"

त्यांनी डोकं खाजवलं. "तापाचा आकडा पट्टा बनवणाऱ्या कंपनीच्या लायब्ररीत, म्हंजे त्यांच्या तयार कोडात बदलते, वहिनी. ती सगळ्या प्रोग्रामांची सामाईक असते. आकडा तिथून आणायचा, हे मी लिहायलेच भुललो. माहा प्रोग्राम स्वतःच्याच जुन्या आकड्याले पाहून राहिला."

त्यांनी स्क्रीनवरून नजर न काढता ते लिहिलं, आणि आकडा असा चढला की भाऊजी पांढरे पडले.

"वहिनी, चिऊले घ्या! डॉक्टरकडे चला!"

गाडीही त्यांनीच काढली.

पट्टा अजून चहातच होता, हे मी त्यांना चिऊच्या पोटात औषध गेल्यावर सांगितलं.