टी कोझीची रिटायरमेंट

प्रताप : अगं, आख्खी घोडी नाही. तिसरा हिस्सा.

साधना : तिसरा हिस्सा म्हणजे नेमका कुठला? तोंडाकडचा की शेपटीकडचा?

प्रताप : साधना, आईसमोर काय.

मनोरमा : मला कळू दे की. हॅम्बर्ग दाखवतो म्हणालास आणि पावसात रेसच्या मैदानावर उभं केलंस. नाव काय तिचं?

प्रताप : टी कोझी.

मनोरमा : टिकोजी? म्हणजे टिकोजीरावांच्या घराण्यातली.

प्रताप : टी कोझी, आई. चहाच्या किटलीवर घालतात ते टोपरं. अस्सल इंग्लिश थरोब्रेड आहे. दोन वर्षांची असताना तिकडे दोन रेसेस जिंकली. मग हरायला लागली, तर मालकानं विकली. आमच्या विमान कंपनीतल्या यर्गननं घेतली, ऑफिसातल्याच उटेला ओढलं, मग मला विचारलं.

साधना : आणि हा म्हणाला, या, या, गेनाऊ. म्हणजे हो, हो, अगदी बरोबर. आई, यर्गननं विचारलं तर हा विमानाचं चाकसुद्धा घरी आणेल.

मनोरमा : जर्मनीत जिंकली का कधी?

प्रताप : अजून नाही. एकदा दुसरी आली होती.

साधना : एकदा सगळे पळाले आणि ही उभीच राहिली, तेही सांग.

प्रताप : ऊन होतं त्या दिवशी. तिला चिखल लागतो. कोरड्या मैदानावर पळावंसंच वाटत नाही तिला. आज बघ. शिवाय आजची शेवटचीच. सहा वर्षांची झाली, पायही दुखरा आहे. यानंतर फार्मवर, कुरणात. तिघांचं ठरलंय.

मनोरमा : सुटले वाटतं. आपली कुठली?

प्रताप : हिरवा शर्ट. सगळ्यात मागे.

साधना : सुटली हेच खूप झालं.

मनोरमा : अरे, पुढचे बिचकतायत चिखलाला. ही बघ, बाहेरच्या बाजूनं कशी येतेय.

प्रताप : पाचवी. चौथी. आई, हात सोड ना, दुखतोय.

मनोरमा : मी कुठे धरलाय? ती तुझी बायको आहे.

साधना : चल गं बाई. चल. अजून एक राहिलाय. चल!

(थोड्या वेळानं, त्याच कठड्यापाशी.)

प्रताप : तबेल्यातून यर्गनचा फोन होता. रडत होता. गेल्या वर्षी जर्मनीनं फुटबॉलचा वर्ल्ड कप जिंकला तेव्हासुद्धा रडला नव्हता.

साधना : तूही रडतोयस.

प्रताप : पाऊस आहे. तो म्हणतो, अशी जिंकणारी घोडी कुरणात कशी सोडायची? अजून एक सीझन पळवू. उटे नको म्हणतेय. आता माझ्या मतावर आहे.

मनोरमा : म्हणजे हरली असती तर सुटली असती.

प्रताप : आई, फॉर्मात आलीय ती.

मनोरमा : माझ्या शाळेचा दहावीचा निकाल शंभर टक्के लागला, तेव्हा संस्थेनं मला रिटायर होऊच दिलं नाही. म्हणाले, बाई, आणखी दोन वर्षं. हार घातला. मलाही बरं वाटलं. तुझे बाबा म्हणाले, ठीक आहे, दार्जिलिंगला मग जाऊ.

साधना : ते राहूनच गेलं ना, आई?

मनोरमा : राहिलं. हाराचा फोटो मात्र छान आला.

प्रताप : यर्गन माझा बॉस आहे, आई.

मनोरमा : असू दे. जर्मनमध्ये 'नाही'ला शब्द आहे ना?

साधना : आहे. नाइन. ह्यानं वापरलेला मी ऐकला नाहीये.

प्रताप : हालो, यर्गन? या. या, या. गेनाऊ... नाइन. नाइन, यर्गन. फार्म.

साधना : काय म्हणाला?

प्रताप : म्हणाला, मग तिला गाजरं आणलीयत का कुणी?

मनोरमा : आणू आपण. पण आधी तिचं अंग पुसलंय का, ते विचार.