माहुलची ओहोटी

शिडाची होडी घेतली म्हणून मी घाटकोपरभर मिरवत होतो ना, तेव्हाची गोष्ट, पंचावन्न सालची. एका रविवारी मी आणि माझा मित्र दामू माहुलच्या खाडीत निघालो. वारा बघितला, शीड बघितलं, ओहोटी कोणी बघितलीच नाही. तासाभरात पाणी गेलं आणि होडी चिखलात बसली. मी ढकलायला उतरलो तो कमरेपर्यंत रुतलो. दामू होडीतून नुसता ओरडतोय.

तिथे एक कोळीण चिखलात मासे धरत होती. ती चिखलावरून फळी सरकवत आली, तिने मला फळीवर ओढून घेतलं आणि होडीत लोटलं.

"आता गप बसा. सांजच्याला पानी येल."

दुसऱ्या आठवड्यात बायकोने दार उघडलं, तर मासळीची टोपली घेऊन तीच कोळीण दारात. बायको कौतुकाने म्हणाली, "आमचे हे होडी चालवतात हो."

चिखलाचं मी घरी सांगितलंच नव्हतं. कोळीण माझ्याकडे बघून म्हणाली, "हो काय? बरं हाय."

पुढे दर रविवारी टोपली उतरवताना ती आधी सांगायची, आज ओहोटी किती वाजता लागणार. बायकोला वाटायचं, कोळणींची बोलायची ही रीतच असावी. मी आतल्या खोलीतून तिला हात जोडायचो.