लायलचं पिस्तूल काय खातं

आजच्या समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या क्रुकेड क्रीक रायफल अँड पिस्टल क्लबचे प्रेसिडेंट श्री. ग्लेन पाव्लिक, शेजारच्या सेडार रन क्लबकडून आलेल्या आणि आपल्याला इतक्यांदा हरवूनही आपल्याच हॉलमध्ये निर्धास्तपणे जेवणाऱ्या सन्माननीय पाहुण्या कोरीन मॅडॉक्स, व्यासपीठावर अवघडून बसलेले आजचे उत्सवमूर्ती ॲल्विन स्टौफर, आणि अग्निशमन दलाच्या या हॉलमध्ये थंडीवाऱ्यात जमलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

मी थेल्मा हराबक. तुम्ही मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून ओळखता. गुरुवारच्या लीगला कोबी-नूडल्स कोण करतं आणि बटाटा भरलेल्या पिरोगी संपल्या की कोणाच्या नावाने बोटं मोडायची, हे इथे सगळ्यांना माहीत आहे. भाषण करायची मला सवय नाही. ग्लेन म्हणाला, "थेल्मा, चार शब्द बोल." मी म्हटलं, चार शब्दांत मावणारा माणूस असता तर ते तूच बोलला असतास.

आमचा रेंज ऑफिसर ॲल्विन आता ॲरिझोनाला, मुलीकडे जातोय. तिथे बर्फ उपसावा लागत नाही म्हणे. जा बाबा, सुखाने जा. पण आमच्या रेंजवर आता हात वर केला की चालत कोण येणार? कोरीनबाई, तुमच्याकडे एखादा जास्तीचा रेंज ऑफिसर असेल तर जेवून झाल्यावर आपण जरा बोलू.

इथे बरेच जण नेमबाज नाहीत, नुसते जेवायला आलेत, म्हणून थोडं सांगते. आमच्या हिवाळी लीगमध्ये पिस्तूल एका हाताने धरायचं आणि दहा सेकंदांत पाच गोळ्या झाडायच्या. मध्येच पिस्तूल अडकलं तर ते खाली ठेवायचं, रिकामा हात वर करायचा आणि म्हणायचं, "ॲलिबाय." म्हणजे माझ्या हत्याराचा दोष आहे, मला पुन्हा एक संधी द्या. मग रेंज ऑफिसर येतो, पिस्तुलात डोकावतो आणि "मान्य" किंवा "अमान्य" म्हणतो. एवढीच गंमत. पण ही संधी एका फेरीत एकदाच मिळते. दुसऱ्यांदा अडकलं की उरलेल्या गोळ्या गेल्या पाण्यात.

माझा नवरा लायल, देव त्याच्या आत्म्याला शांती देवो, दर गुरुवारी हात वर करायचा.

त्याचं आणि त्याच्या थोरल्या भावाचं, नॉर्बर्टचं, पिस्तूल एकाच दिवशी, एकाच दुकानातून आणलेलं. तीच कंपनी, तेच मॉडेल, नंबरसुद्धा एकापाठोपाठ एक. नॉर्बर्टच्या पिस्तुलात काहीही घाला, ते मुकाट्याने खायचं. लायलचं मात्र तिसऱ्या नाहीतर चौथ्या गोळीला रुसायचं. कधी काडतूस तिरकं चढायचं, कधी रिकामी पुंगळी बाहेर न पडता दारातच उभी राहायची. आणि आपल्या क्लबची रीत तुम्हाला ठाऊकच आहे. हिवाळ्याच्या सुरुवातीला क्लब काडतुसं एकगठ्ठा आणतो आणि सगळ्यांनी त्याच पेटीतून घ्यायची. घरून आपली काडतुसं आणणं म्हणजे पंगतीला आपला डबा घेऊन बसण्यासारखं. लायल असल्या बाबतीत फार मानी. सगळे जे वापरतात तेच मी वापरणार, म्हणायचा.

मग काय विचारता. "ॲलिबाय लायल" हे नाव पडायला वेळ लागला नाही. दुकानात, चर्चच्या पायऱ्यांवर, हरणांच्या शिकारीच्या हंगामाच्या पहिल्या सोमवारी जंगलातसुद्धा. आणि सगळ्यांत पुढे कोण, तर सख्खा भाऊ. नॉर्बर्ट, खाली बघू नकोस, आज मी तुला सोडणार नाही. हाच म्हणायचा, "माझं का नाही रे अडकत? जुळं पिस्तूल आहे. तुझं मनगटच लुळं पडतं आणि बिचाऱ्या पिस्तुलावर आळ घेतोस." माणसं हसायची. लायलही हसायचा. घरी आल्यावर मात्र जेवायचा नाही.

कामाला होता ती खाण बंद पडल्यापासून त्या माणसाकडे दुसरं होतं काय? छातीत धूळ बसलेली, जिना चढला की धाप लागायची. गुरुवारची संध्याकाळ तेवढी त्याची होती. इस्त्रीचा शर्ट घालून जायचा हो, पिस्तूल चालवायला.

सेडार रनने लीगची विजयाची ढाल नेली त्या वर्षी कमिटीत ठरलं की लायलला पहिल्या संघातून काढायचं. ती ढाल त्याच्या वाया गेलेल्या गोळ्यांमुळे गेली, हे खरंच होतं. तो घरी आला, पिस्तुलाची पेटी टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "विकून टाक. मला आता तिथे तोंड दाखवायचं नाही."

दुसऱ्या दिवशी मी ती पेटी घेऊन ॲल्विनच्या गॅरेजमध्ये गेले, सगळ्यांची पिस्तुलं तोच दुरुस्त करायचा. म्हटलं, "ॲल्विन, याला कानस मार, स्प्रिंग बदल, काय वाटेल ते कर. पण हे चाललं पाहिजे."

ॲल्विनने पिस्तूल हातात घेतलं, दिव्याखाली धरलं आणि मला म्हणाला, "कानस मी मारणार नाही."

"का रे?"

"याला रोग आहे असं कोण म्हणालं? याला जेवण आवडत नसेल. तुमच्या धाकट्याला दूध पचत नव्हतं, तेव्हा त्याचं पोट कापलंस का?"

मी पेटी तिथेच ठेवून घरी आले.

पुढच्या रविवारी चर्च सुटल्यावर त्याने दोघा भावांना रेंजवर बोलावलं. मी कॉफीचा थर्मास घेऊन गेले, मुद्दामच. ॲल्विनची पद्धत एकच, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. आधी त्याने नॉर्बर्टचं पिस्तूल लायलच्या हातात दिलं, क्लबच्याच काडतुसांसकट. लायलने काडतुसं भरायची दोन मॅगझिनं सरळ रिकामी केली, कुठे अडखळलं नाही. मनगट लुळं नव्हतं तर. मग लायलचं पिस्तूल नॉर्बर्टच्या हातात दिलं. पहिलं मॅगझिन कसंबसं गेलं. दुसऱ्याच्या तिसऱ्या गोळीला पुंगळी दारात उभी.

नॉर्बर्ट म्हणाला, "थांब, मी नीट धरलं नव्हतं."

"मग नीट धर," ॲल्विन म्हणाला.

नीट धरलं. पुन्हा अडकलं. तेव्हा मी नॉर्बर्टला कॉफी दिली. साखर घातली नाही.

पण ते अर्धंच झालं. का अडकतं ते सापडायला अख्खा डिसेंबर गेला. ॲल्विनने महागातली, स्पर्धेची म्हणून विकतात ती काडतुसं घालून पाहिली, पिस्तुलाने तोंड वाकडं केलं. परदेशी घातली, तीही नकोत. शेवटी हार्डवेअरच्या दुकानात शेतकरी घुशींसाठी नेतात ती साधी, हिरव्या खोक्यातली काडतुसं घातली, आणि पठ्ठ्याने ती खाल्ली. तरीही मधूनच अडकायचं. मग कळलं की लायलच्या दोन मॅगझिनांपैकी एकाची वरची कड केसभर पसरली होती, त्यामुळे काडतूस वेळेआधीच सुटायचं. डोळ्यांना दोन्ही सारखीच दिसायची. ॲल्विनने माझी लाल नखपॉलिश मागून घेतली आणि वाईट मॅगझिनच्या बुडाला ठिपका दिला. ती बाटली अजून परत आलेली नाही, ॲल्विन, सामान बांधताना बघ.

"जुळं पिस्तूल असं काही नसतं," असं तो तेव्हा म्हणाला होता. "कारखान्याला वाटतं सारखी केली. पिस्तुलांना तसं वाटत नाही."

आता अडचण उरली ती पंगतीच्या डब्याची. हिरव्या खोक्याला परवानगी द्यायची तर क्लबचा रिवाज मोडणार. जानेवारीची सभा इथेच भरली होती आणि मी खिडकीआड भांडी पुसत होते. तेव्हाचे प्रेसिडेंट म्हणजे ग्लेनचे वडील, फार कडक माणूस. ते म्हणाले, "एकाला सूट दिली तर उद्या जो तो आपली पेटी घेऊन येईल. आणि खरं सांगायचं तर लायलला निमित्तच हवं असतं."

ॲल्विन सभेत कधी बोलायचा नाही. त्या दिवशी उभा राहिला. म्हणाला, "दर गुरुवारी तो हात वर करायचा आणि मी जाऊन बघायचो. दर वेळी पिस्तूल खरंच अडकलेलं असायचं. दर वेळी मी मान्य म्हटलंय. इतकी वर्षं तुम्ही हसत होतात, तेव्हा खोटा कोणाला म्हणत होतात? त्याला की मला?"

मी भांडं पुसायचं थांबले. मग मागच्या रांगेतून एक हात वर गेला, आणि तो नॉर्बर्टचा होता. म्हणाला, "हिरव्या खोक्याला माझी मंजुरी." एवढंच म्हणाला आणि खाली बसला. नॉर्बर्ट, त्याबद्दल तुला उद्यापासून साखर.

लायल पहिल्या संघात परत आला. पुढच्या गुरुवारी सेडार रनशीच गाठ होती. कोरीनबाई, तुम्ही शेजारच्याच जागेवर उभ्या होतात, आठवत असेल. शेवटची दहा सेकंदं झाली, वेळ संपताच लक्ष्याचा कागद फिरून आड गेला, आणि लायलचा हात वर. सगळी रेंज "अरे देवा" म्हणाली. मी तर डोळेच मिटले. ॲल्विन चालत गेला, पिस्तुलात वाकून पाहिलं. रिकामं होतं. विचारलं, "काय झालं?"

लायल म्हणाला, "काही नाही. पाचही गेल्या, तेवढंच सांगायचं होतं."

मंडळी, त्या रात्री लायलचं पिस्तूल एकदाही अडकलं नाही. आणि लायल सगळ्यांत शेवटचा आला. म्हातारा हात, धाप लागलेली छाती, दोन गोळ्या तर कागदाच्याही बाहेर. ढालीचं नाव काढायलाच नको. कोणी हसलं नाही.

गाडीत बसल्यावर मी म्हटलं, "जाऊ दे रे, पुढच्या वेळी बघू." तर हा माणूस आरशात बघून केस सारखे करतोय. मला म्हणाला, "थेल्मा, आज मी हरलो. मी. पिस्तूल नाही." घरी येऊन तीन ताटल्या जेवला. पुढे दोन हिवाळे तो असाच हरला, आणि शेवटपर्यंत त्याला पुन्हा कोणी ॲलिबाय लायल म्हटलं नाही.

ॲल्विन, या क्लबला तू ढाली मिळवून दिल्यास, त्यांचे आभार ग्लेन मानेल. मी आभार मानते ते माझ्या नवऱ्याचं हरणं त्याला परत दिल्याबद्दल. तुझी मला फार आठवण येईल, हे सगळ्यांसमोर सांगते.

अध्यक्षमहाराज, पाहुण्या कोरीनबाई, आपण सगळ्यांनी या बाईचं इतका वेळ ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. पिरोगी गार होण्याआधी थांबते. बोलण्यात काही उणंअधिक झालं असेल तर पोटात घाला. ती चूक माझी आहे, माइकची नाही.