यशोदाच्या नावाचा दाखला

जबाब, दिनांक ८ मे १९९२, सकाळी ११ वाजता

मी धुरपदाबाई भटू सोनवणे, वय ३९ वर्षे, धंदा अंगणवाडी सेविका, राहणार सावळवाडे, तालुका चोपडा, जिल्हा जळगाव. पोलीस ठाण्यात समक्ष हजर राहून विचारल्यावरून सांगते की,

माझ्या घरासमोर आधार रुपचंद पाटील राहतात. त्यांची मुलगी मंजुळा हिने यंदा सातवीची परीक्षा दिली. तिचे वय तेरा आहे. आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, ती झोक्यावर दिसली नाही, म्हणून मी तिची आई लिलाबाई हिला विचारले. "मामाकडे गयी," असे ती म्हणाली. त्याच दुपारी मंजुळा मला परसात दिसली. तिच्या हाताला हळद होती. मला संशय आला. अठरा वर्षांच्या आत मुलीचे लग्न होताना दिसल्यास कळवावे, अशी आम्हाला कार्यालयाची सूचना आहे. दुसऱ्या दिवशी मी चोपड्यास जाऊन लेखी कळविले.

काल सकाळी नऊच्या सुमारास हवालदार व ग्रामसेवक आधार भाऊंच्या दारातील लग्नाच्या मांडवात आले. मीही गेले. आधार भाऊंनी शाळेचा दाखला पुढे केला. त्यावर यशोदा आधार पाटील, जन्म १९७३, असे होते. नवरी ती यशोदाच, असे ते म्हणाले.

यशोदा ही मंजुळाची थोरली बहीण. ती चार वर्षांपूर्वी तापाने वारली. तिला शेवटची आंघोळ घालणाऱ्या बायकांत मी होते. दाखला दिल्याची तारीख मात्र गेल्या महिन्याची होती.

मी हे हवालदारांना सांगितले. आधार भाऊ म्हणाले, "अक्का, कागद देखा. वाचता येस ना तुमले?" पोलीस पाटील पितांबर नाना तेथेच उभे होते. यशोदाच्या तिरडीला त्यांनी खांदा दिला होता. त्यांनी दाखला हातात घेतला, बरोबर आहे म्हणाले व चहा सांगितला. हवालदारांनी मुलीला नाव विचारले. तिने बापाकडे पाहिले आणि "यशोदा" म्हणाली.

हवालदारांनी तसा कागद लिहिला. आधार भाऊंनी सही केली. लिलाबाईच्या अंगठ्याला शाई लावून मजकूर वाचून दाखविला, की माझी मुलगी यशोदा हयात असून समोर हजर आहे. लिलाबाईने हात मागे घेतला. ग्रामसेवकांनी पुन्हा सांगितले. तिने शाई लुगड्याला पुसली व म्हणाली, "यशोदा मरी गयी. हाई मनी मंजुळा शे." नंतर ती तेथेच खाली बसली. हवालदारांनी लग्न थांबविले. वऱ्हाड वेशीवरून परत गेले.

कोणावर संशय आहे काय असे विचारता सांगते की, मेलेल्या मुलीचा दाखला शाळेतून एकट्या आधार भाऊंना मिळाला नसावा. पितांबर नानांनी तो हातात घेतल्यावर पुढे कोठे गेला, ते मी पाहिले नाही. काल दुपारी आधार भाऊ ओट्यावर म्हणत होते, की मुलीला बोदवडला नेऊन आठ दिवसांत उरकतो. पितांबर नाना शेजारी होते. ते नाही म्हणाले नाहीत.

आज मी एस.टी.ला निघाले तेव्हा लिलाबाई व मंजुळा माझ्यामागून आल्या. लिलाबाईच्या गालावर वळ आहेत. कशाचे ते मी विचारले नाही. दोघी बाहेर बाकावर बसल्या आहेत. त्यांना आज गावी परत पाठवू नये, अशी माझी विनंती आहे.

वरील मजकूर मला वाचून दाखविला. मी जे बोलले तेच लिहिले आहे व ते खरे आहे.

सही
धुरपदाबाई भटू सोनवणे